पेडलवरचं कुंकू

माझी आई निपाणीत विड्या वळायची. मी चालायला मोर्चात शिकले आणि वाचायला पत्रकांवर, असं आमच्या घरात थट्टेनं म्हणतात. थट्टा अर्धीच आहे. शाळेत 'माझा आवडता ऋतू' हा निबंध आला तेव्हा मी शेवटी उन्हाळ्यात शाळेत पिण्याचं पाणी मिळालंच पाहिजे अशी मागणी केली होती. बाईंनी खाली विचारलं होतं, यात ऋतू कुठे आहे?

पत्रकाचं वळण एकदा हाताला लागलं की सुटत नाही. वाक्य आखूड. शत्रू एक. मागणी मोठ्या अक्षरात. हे वळण घेऊनच मी बंगळुरूला आले आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका इमारतीत मेडिकल कोडर झाले.

आमच्या मजल्यावर दोन विभाग. अमेरिकेतला डॉक्टर रुग्ण तपासून झाला की काय आढळलं, काय केलं ते यंत्रात बोलून ठेवतो. ते बोलणं कानात घेऊन अहवाल टाइप करायचा, हा ट्रान्स्क्रिप्शन विभाग. तो अहवाल वाचून प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला ठरलेला कोड लावायचा, म्हणजे तिकडच्या विमा कंपनीला बिल जातं, हा आमचा विभाग. मध्ये काचेची भिंत. पलीकडे जवळजवळ सगळ्या बायकाच. प्रत्येकीच्या टेबलाखाली एक पेडल, शिलाई मशिनीला असतं तसं, पण फार तर चपलेएवढं. दाबलं की डॉक्टर बोलतो, सोडलं की थांबतो, डाव्या कडेला दाबलं की मागे जातो. हात टाइप करत राहतात, पाय डॉक्टरला आवरतो.

आता हे सगळं सॉफ्टवेअरच करतं ना, असं मला लग्नकार्यात विचारतात. करतं. स्वच्छ आवाज, सावकाश बोलणारा डॉक्टर असेल तर करतं. उरलेले या बायकांकडे येतात. दमलेले, पुटपुटणारे, तोंडात घास असलेले, मागे कुणीतरी कण्हत असताना बोलणारे.

तर एक दिवस मजल्यावरच्या सगळ्यांना एकत्र करून पडद्यावर नकाशा दाखवला. बंगळुरूपासून फिलिपिन्सपर्यंत एक वळणदार बाण. ट्रान्स्क्रिप्शनचं 'मायग्रेशन' होणार म्हणे. पक्षी आहोत का आम्ही, थंडी पडली की उडायला? काम तिकडे जाणार, माणसं इथेच राहणार, बिनकामाची. त्याआधी तिकडच्या लोकांना व्हिडिओवरून सगळं काम करून दाखवायचं. आपली जागा आपल्याच हातानं दुसऱ्याला शिकवायची, तीही हसतमुखानं. 'हसतमुखानं' हे मी पदरचं घालत नाही, तो शब्द पडद्यावर होता.

त्या विभागातली सर्वांत जुनी बाई म्हणजे अक्का. सगळा मजलाच तिला अक्का म्हणायचा. तिचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरूत, मराठी घरातली, पण अर्धी कन्नडात भिजलेली. के. आर. पुरमहून ऑफिसच्या कॅबनं यायची. नवऱ्याचं कापडाचं दुकान बसलेलं, मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. घर चालत होतं ते अक्काच्या कानांवर. पन्नाशीच्या बाईला दुसरीकडे कोण घेतं? कंपनीनं 'सोय' म्हणून काय सुचवलं होतं, तर होसकोटेजवळच्या एका गोदामात पार्सलांवरच्या पट्ट्या तपासायचं काम. माणूस कुजबुजला तरी औषधाचं नाव ओळखणारी बाई, आणि तिला पार्सलं तपासायला पाठवणार. मला राग येतो म्हणतात. न येऊन कसं चालेल?

माझं पत्रक तयार होतं. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, सगळ्या बंगळुरूत हत्यारं विसावा घेतात. गॅरेजवाला पाना उचलत नाही, शिंपी मशिनीवर बसत नाही, ऑटोवाला ऑटो धुऊन, हार घालून उभी करतो. आमच्याकडे मात्र पूजा झाली की लगेच काम, कारण अमेरिकेतल्या दवाखान्यांना दसरा नसतो. मी लिहिलं: सगळ्यांची आयुधं विसावतात, आमचीच का नाही? खंडेनवमीला एक पाळी काम बंद. आमच्याशी बोलल्याशिवाय हस्तांतर नाही. कन्नडमध्ये काढलं, हिंदीत काढलं, इंग्रजीत काढलं. मराठीतलं अक्कासाठी, तोंडी.

"वाचलं की, कन्नडातलं," अक्का कॅन्टीनमध्ये म्हणाली आणि डब्यातलं चित्रान्न माझ्याकडे सरकवलं. "अक्षर चांगलं आहे."

"अक्षर कॉम्प्युटरचं आहे. मजकुराचं बोला."

"मजकूर स्वल्प तिखट झालाय गं."

"तिखटच पाहिजे. तुम्ही सामील होणार का?"

"नाही."

एवढं सरळ उत्तर मला आमच्या संघटनेच्या बैठकीतही कुणी दिलं नव्हतं. मी कारण विचारलं.

"आपली सकाळ म्हणजे तिकडची रात्र," ती म्हणाली. "रात्री जो दवाखान्यात येतो तो हौसेनं येत नाही. त्याचा कागद माझ्या कानात अडकलेला असतो. मी विसावा घेतला तर त्यानं कुठं जायचं?"

"तुम्हाला गोदामात धाडतायत, आणि तुम्ही त्यांच्या पेशंटची काळजी करताय."

"पेशंट त्यांचा होय? बिल त्यांचं. पेशंट कुणाचाच नसतो बघ, ज्याच्या हातात असेल त्याचा." मग तिनं लोणच्याची फोड चोखत मला खिंडीत गाठलं. "आणि काय गं, हे काम आपल्याकडं आलं कुठनं? तिकडं कुणी बाईच करत होती की. तिच्याकडनं आपण घेतलं तवा काढलं होतंस पत्रक?"

"मी तेव्हा तिसरीत होते."

"मग तिनं काढलं असंल. तुझ्यावर."

टेबलावरच्या सगळ्या हसल्या. मला हसता आलं नाही. हातात पत्रकांचा गठ्ठा असला की हसणं मला फितुरीसारखं वाटतं.

"पूजा मात्र यंदा नीट करू," अक्का म्हणाली. "दर वर्षी खाली लॉबीत एका कीबोर्डला हार घालतात आणि झालं. तो कीबोर्ड कुणाचा, कोण जाणे. यंदा जिनंतिनं आपापल्या टेबलावर. पुढच्या वर्षी असू, नसू."

याला सगळ्यांनी मान डोलावली. माझ्या पत्रकाला डोलावली नव्हती.

खंडेनवमीच्या सकाळी मी पोचले तेव्हा इमारतीच्या दाराला केळीचे खुंट बांधले होते आणि ऑफिसच्या कॅबच्या चाकांखाली लिंबं ठेवलेली होती. रखवालदारानं कुंकू भरलेला कोहळा फाटकासमोर आपटला. मजल्यावर झेंडूचा आणि फिनेलचा मिळून एक विचित्र वास. पलीकडच्या बायका रेशमी साड्यांत आल्या होत्या. त्यांनी मॉनिटर पुसले, हेडफोन पुसले, कीबोर्ड उलटे करून त्यातलं वर्षभराचं फरसाण झाडलं. मग अक्का साडी सावरत टेबलाखाली वाकली आणि तिनं पेडल बाहेर काढलं.

"खरं आयुध हे," ती म्हणाली. "कीबोर्ड काय, कुणाकडंही असतो."

ते बघून सगळ्यांनीच पेडलं बाहेर काढली. ओल्या फडक्यानं पुसली, टेबलावर केळीचं पान मांडून त्यावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, वर एकेक झेंडूचं फूल. अगरबत्ती. चुरमुरे-डाळ्यांचा प्रसाद. प्रत्येकीनं हात जोडले. मी काचेअलीकडून बघत होते. देवाधर्माच्या बाबतीत माझी मतं कडक आहेत, तरी मी तिथून हलले नाही. वर्षानुवर्षं पायाखाली असलेली वस्तू पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आली होती, आणि बायका तिच्याकडे अशा बघत होत्या जणू तिचा चेहरा त्या आत्ताच पाहत होत्या.

आरती झाली. प्रसाद झाला. कामाची वेळ झाली. बायका खुर्च्यांवर बसल्या, हेडफोन चढवले, पडद्यावर फाइली उघडल्या. आणि मजला थांबला.

आधी मला कळलंच नाही काय झालं ते. कुणी बोलत नव्हतं, कुणी टाइप करत नव्हतं. एकीनं पेडल पानावरून उचललं, खाली नेऊ लागली, पुन्हा वर ठेवलं. दुसरीनं चप्पल काढली, पाय धुऊन आली, आणि तरी पाय पोटाशी घेऊन बसली. मग माझ्या लक्षात आलं. पूजलेल्या वस्तूवर पाय ठेवायचा कसा? कीबोर्डला हार घाला, लेथला घाला, हातोड्याला घाला, काम करताना हातच लागतो. शिंपी पायानं मशीन चालवतो, पण तो त्या दिवशी चालवतच नाही. पूजाही करायची आणि कामही पायानंच करायचं, हा पेच अख्ख्या शहरात फक्त आमच्या मजल्यावर होता, आणि कुंकू लावताना एकीलाही तो सुचला नव्हता.

माझ्या मनात काय आलं ते लिहिते. बंद झाला. तीन भाषांतली पत्रकं, फाटकावरची भाषणं, कशानं झाला नाही तो बंद, आणि चिमूटभर कुंकवानं झाला.

मॅनेजर धावत आला. तरुण माणूस, बंगळुरूचाच, पूजेसाठी बूट बाहेर काढून मोज्यांवर फिरत होता. "काय झालं, अक्का?"

"काही नाही, सर. चुकलं. पाय कसा लावायचा आता?"

"पुसून टाका ना कुंकू."

"तुम्ही पुसता?"

त्यानं हात खिशात घातले. फाइली साचत होत्या, लाल अक्षरातल्या तातडीच्यासुद्धा. "ठीक आहे, हे राहू दे," तो म्हणाला. "स्टोअरमधून नवी आणतो." स्टोअरवाल्यानं हात जोडून सांगितलं की त्यानं सकाळीच अख्ख्या कपाटाची पूजा केली आहे, आतल्या एकेका पेडलाला कुंकू लावून. मग मॅनेजरनं एक पेडल स्वतः जमिनीवर ठेवलं, मोजा घातलेला पाय त्याच्यावर नेला, तसाच धरला, आणि मागे घेतला.

"कीबोर्डच्या बटणानं चालू-बंद करता येतं," तो म्हणाला. बायकांनी करून पाहिलं. पण जे काम इतकी वर्षं पाय करत आला ते मध्येच बोटांना सांगितलं की बोटं टाइप करायचं विसरतात. डॉक्टर पुढे पळायचा, ओळ मागे राहायची. एकीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मी काचेचं दार ढकलून आत गेले. मला चार वाक्यं बोलायची होती, पाठ होती ती. पहिलं वाक्य तोंडातून निघायच्या आत अक्कानं माझं मनगट धरलं.

"बोलू नकोस. बस इथं."

"अक्का, आता हीच वेळ आहे. सगळं थांबलंय."

"थांबलंय ते दिसतंय मला. लाल फाइल आहे. बस. हे पेडल पानासकट मांडीवर घे. हातानं दाब. मी म्हणते तसं नको, मी करते तसं दाब."

"म्हणजे कसं?"

"बोटं बघ माझी."

तिनं हेडफोनची एक बाजू स्वतःच्या कानाला लावली, दुसरी माझ्या. मी पेडल मांडीवर घेतलं आणि कुंकवाच्या कडेकडेनं तळवा दाबला.

मी कोडर. मी अहवाल वाचते. अहवालात वाक्यं असतात, वाक्यांना कोड असतात. त्यात माणूस असतो हे मला ठाऊक होतं, आपण जेवतो ते कुणीतरी पिकवलेलं असतं हे जसं ठाऊक असतं तसं. तळवा दाबला आणि कानात एक माणूस श्वास घेऊन बोलायला लागला. डॉक्टर. दमलेला. मागे चाकांचा आवाज, दूर कुणीतरी हाक मारतंय, आणि तो अगदी हळू आवाजात सांगतोय की आत्ताच आलेल्या रुग्णाला काय होतंय. त्या रुग्णाला काय झालं होतं ते मी इथे लिहिणार नाही. ते माझं नाही. पण अर्ध्या पृथ्वीपलीकडे या क्षणी रात्र आहे आणि त्या रात्रीतला एक माणूस माझ्या तळव्याखाली थांबतो आणि चालतो आहे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा मी उशिरा सोडलं. अक्का मागे राहिली. "कानाकडं जाऊ नकोस," ती म्हणाली, "बोटांकडं राहा." दुसऱ्यांदा फार लवकर सोडलं. मग हळूहळू दिसायला लागलं. थांबावं लागण्याच्या जरा आधी तिची करंगळी किंचित वर उचलली जायची. अवघड शब्द आला की खांदे स्थिर व्हायचे, जसं मांजर उडी मारण्याआधी होतं. मागे जायचं असेल तर ती श्वास रोखायची. ऐकणं डोळ्यांना दिसतं, हे मी त्या खुर्चीत शिकले. काही वेळानं मी दाबते आहे की ती दाबते आहे हे मला सांगता आलं नसतं.

ती फाइल गेली. मी मान वर केली. आमचं बघून बाकीच्यांनीही तसंच केलं होतं. टेबलाटेबलाशी दोघी, एका हेडफोनचे दोन कान, मांडीवर केळीच्या पानात पेडल. काचेपलीकडचे माझे कोडर न बोलावता येऊन बसले होते. एवढा मोठा मजला, आणि आवाज फक्त बोटांचा. दमलेले, घाबरलेले, घाईतले कितीतरी परके डॉक्टर त्या खोलीत एकाच वेळी बोलत होते आणि बाहेर ऐकू येत होती ती टाइप होण्याची टपटप. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी पत्रक काढलं नव्हतं.  हे काम ते एका बाणानं उचलून नकाशात पलीकडे ठेवणार होते.

या सगळ्यात एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. त्या दिवशी हस्तांतराचं प्रात्यक्षिक होतं. अक्काच्या टेबलावर कॅमेरा लावलेला होता आणि तो चालू झालेला होता. बाजूच्या पडद्यावर फिलिपिन्समधली त्यांची प्रमुख बसली होती. गोल चेहऱ्याची, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी बाई. तिच्या मॉनिटरच्या कोपऱ्याला जपमाळ अडकवलेली दिसत होती. ती किती वेळ आमच्याकडे बघत होती कुणास ठाऊक. शांतपणे काहीतरी टिपून घेत होती.

माझा तिच्यावर राग होता. तोंड न पाहिलेल्या माणसावर करायला राग सोपा असतो. आता तोंड समोर होतं.

"सर," तिनं इंग्रजीत विचारलं, "प्रत्येक टेबलावर दोघीजणी काम करतात का?"

अक्काच्या कानात पुढची फाइल होती, तिनं ऐकलं नाही. मी ऐकलं. मॅनेजर पडद्याकडे वळला. खरं सांगायचं तर ऐन हस्तांतराच्या दिवशी कुंकवापायी मजला बंद पडला होता हे त्याला वरपर्यंत कळवावं लागलं असतं. त्यानं मोज्यातले अंगठे आवळले आणि म्हणाला, "येस. हीच आमची पद्धत."

बाईनं मान हलवली आणि तेही टिपून घेतलं.

दसरा उलटल्यावर पेडलं पुसून, नमस्कार करून पुन्हा टेबलांखाली गेली. आणि त्याच आठवड्यात तिकडून निरोप आला. या कामाला प्रत्येक टेबलावर दोन माणसं लागतात असं प्रात्यक्षिकात आढळलं. आम्हाला सांगितलेल्या माणसांत ते होणार नाही. हस्तांतर तूर्त थांबवावं. मजल्यावर ही बातमी पसरली तेव्हा मी संडासात जाऊन एकटीच नाचले.

पण कंपनीच्या वरच्या कचेरीला शंका आली. त्यांनी बैठक लावली. तिकडची बाई, इकडचा मॅनेजर, वरचा एक साहेब, आणि कामाची जाणकार म्हणून अक्का. कामगारांच्या बाजूनं मी बसणार असं मी कळवून टाकलं. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण नको म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

आदल्या रविवारी मी के. आर. पुरमला अक्काच्या घरी गेले. ती वांगी चिरत होती.

"ते तुम्हाला विचारतील, दोघी लागतात का. तुम्ही हो म्हणा. एवढंच."

"आणि खरं?"

"खरं ते लोक बोलतात का? मायग्रेशन म्हणतात. सोय म्हणतात. तुम्ही एकदा हो म्हटलात की सगळ्याजणी वाचतात."

"आमच्यात एक रीत आहे," ती वांग्याकडे बघतच म्हणाली. "ऐकू आलं नाही तर ब्लँक सोडायचा. जागा मोकळी ठेवायची आणि पुढं जायचं. अंदाजानं भरायचं नाही. आपल्याला बरं वाटावं म्हणून तर नाहीच नाही. भरलं की माणूस मरतो कधी कधी."

"इथे कोण मरतंय?"

"जेवून जा," ती म्हणाली. तिची मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ताटं मांडली.

बैठकीत साहेबानं विचारायचं तेच विचारलं. त्याचा कॅमेरा बंद होता, नुसता आवाज होता, कागद चाळत असल्यासारखा. या कामाला दोन माणसं लागतात का?

"नाही, सर," अक्का म्हणाली. "एकटी पुरते. त्या दिवशी आमची पूजा होती. पेडलला पाय लावता येत नव्हता."

मी डोळे मिटले. मॅनेजरनं खुर्ची मागे सरकवली त्याचा आवाज आला. संपलं, असं मला वाटलं. एका वाक्यात सगळा मजला गेला, आणि ते वाक्य आमच्याच बाईनं उच्चारलं.

अक्काचं बोलणं संपलं नव्हतं. "पण सर, त्या दिवशीचे कागद काढून बघा. ब्लँक कमी आहेत. अवघड आवाजांत तर फारच कमी. कागद पाठवायला एक कान पुरतो. नीट पाठवायला दोन लागतात. हे आम्हालाही त्या दिवशीच कळलं."

 साहेब म्हणाला, पण तिकडच्या टीमनं तर गैरसमजुतीनं...

"गैरसमज नाही, सर," फिलिपिन्सची बाई पहिल्यांदाच बोलली. "पेडलवर फुलं होती. मला दिसत होती. सण आहे हे मला कळलं होतं. मी कागद बघितले, म्हणून दोन माणसं मागितली. दोन माणसं नसतील तर अवघड फाइली आम्ही घेणार नाही. माझ्या मुलींच्या नावावर चुका चढतील."

मी पडद्याकडे बघत राहिले. ज्यांच्याविरुद्ध मी तीन भाषांत लिहिलं होतं त्यांच्यातली एक बाई, मी न मागता, माझी मागणी माझ्यापेक्षा कमी शब्दांत मांडत होती. आणि ते अक्काच्या खरं बोलण्यानंतर घडलं होतं. अक्का खोटं बोलली असती तर या बाईलाही तिच्याबरोबर खोटंच बोलावं लागलं असतं, आणि साहेबानं एखाद्या दिवशी दोघींनाही पकडलं असतं. हे सगळं मला तेव्हा कळलं नाही, नंतर बसमध्ये कळलं. तेव्हा मी फक्त त्या दोघींकडे बघत होते, देवळात उभे राहतात तशी.

जिंकलो असं मी लिहिणार नाही. सोपे आवाज गेले, बाण उडालाच. अवघड फाइली दोन कानांखालून जाव्यात असं ठरलं, पहिला कान तिकडचा, दुसरा इकडचा, तोही तूर्त. कागदावर हा शब्द आहे आणि मला तो खुपतो. अक्का राहिली. तिच्याबरोबरच्या काही राहिल्या. काहींना आम्ही भांडून कोडिंगमध्ये घेतलं. एक जण होसकोट्याच्या गोदामात गेली आणि मला अजून फोन करते, तेव्हा मी काय बोलू हे मला सुचत नाही. कंपनीनं या सगळ्याला 'दुहेरी दर्जा योजना' असं नाव देऊन स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्यांचं पत्रक मी वाचलं. वाक्यं लांब होती.

आता सकाळी कधी कधी मी काचेचं दार ढकलून अक्काच्या मागे जाऊन उभी राहते. तिच्या कानात एक डॉक्टर असतो, पडद्यावरच्या छोट्या खिडकीत फिलिपिन्सची ती बाई असते, तिच्याही कानात तोच डॉक्टर. ती अक्काला 'अक्का मॅम' म्हणते. दोघी बोलत नाहीत. डॉक्टर पुटपुटतो, दोघींचे खांदे एकदम स्थिर होतात, समुद्राच्या दोन बाजूंना. मग अक्का श्वास रोखते, आणि खिडकीतल्या बाईनंही तो रोखलेला मला दिसतो.